दिल्लीला ‘दिलवाल्यांची’ कुणी म्हटलं?

पुण्याची गाडी निजामुद्दीन स्टेशनला येते, हे दिल्लीतल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मला सांगावं लागलं. दादाच्या दहाव्यासाठी पुण्याहून माणसं येणार होती, त्यांना उतरवून घ्यायचं काम माझ्या वाट्याला आलं आणि मी सकाळी लवकर उठून, दाढीबिढी करून, नवी दिल्ली स्टेशनच्या फलाटावर जाऊन उभा राहिलो. तीस वर्षं या शहरात काढलेला माणूस! एक पाटण्याची गाडी आली, एक लखनौची आली, मी एकेका डब्यात डोकावून ओळखीचं नाक शोधत राहिलो. माझ्या सासरच्या माणसांची नाकं लांबूनही ओळखू येतात. शेवटी फोन वाजला. पलीकडे काकू, म्हणजे माझ्या बायकोची सख्खी धाकटी काकू.

“जावईबापू, आम्ही केव्हाचे उभे आहोत. आहात कुठे तुम्ही?”

“फलाटावरच आहे, काकू.”

“अहो, मग दिसत कसे नाही?”

मागून त्यांच्या मुलाचा, विनायकचा आवाज आला, “आई, फलाट नको विचारूस, स्टेशन विचार त्यांना, स्टेशन!”

मी स्टेशन सांगितलं. काकू म्हणाल्या, “दादा असता तर डब्याच्या दारात उभा असता हो.”

खरंच होतं ते. हमालाच्या आधी दादा डब्यात शिरलेला असायचा. तीस वर्षांत पुण्या-सांगलीकडून आलेलं एकही माणूस मी स्टेशनवर उतरवून घेतलं नव्हतं, कारण सगळ्यांना दादाच घ्यायला जायचा. दादा असता तर तुम्ही आज कशाला आला असता, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण जावयाने असलं काही बोलायचं नसतं. मी “आलो आलो” म्हणालो आणि ऑटोवाल्याशी भांडायला बाहेर पळालो.

दादा म्हणजे सुनीताचा, माझ्या बायकोचा थोरला भाऊ. नाव अनंत, पण त्याला अनंत म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाला. नोकरीची सगळी वर्षं आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली, नंतर मयूर विहारला आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक लहानसा फ्लॅट घेतला. मूल नव्हतं. वहिनी चार वर्षांपूर्वी गेली. त्या रविवारी सकाळी त्याच्या कामवालीचा फोन आला, “भैयाजी, अंकल दरवाज़ा नहीं खोल रहे।” आमच्याकडे दुसरी किल्ली होती. आम्ही गेलो तेव्हा दादा पलंगावर झोपलेला होता. अगदी कडेला, भिंतीला चिकटून, हातपाय आखडून. बाकीचा पलंग रिकामा. झोपेतच गेला होता. सुनीताने त्याच्या कपाळाला हात लावला आणि इतकंच म्हणाली, “आता तरी ऐसपैस झोपायचंस की रे…”

हे कळायला आर. के. पुरमचं ते क्वार्टर पाहिलेलं असायला हवं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक बाल्कनी. तिथे दादा-वहिनी राहत होते असं म्हणणं जरा धाडसाचं आहे. तिथे पाहुणे राहायचे आणि त्यांच्या अधूनमधून दादा-वहिनी. दिल्लीतल्या मराठी घराचा हा प्रकार बाहेरच्यांना पटत नाही. वैष्णोदेवीला जाणारे, हरिद्वारहून येणारे, काश्मीरला निघालेले, मंत्रालयात अर्ज अडकलेले, मुलाखतीला आलेले, मोठ्या सरकारी हॉस्पिटलात दाखवायला आलेले… सगळे वाटेत दिल्लीला “उतरायचे”. दिल्लीत हॉटेलं आहेत, ही बातमी महाराष्ट्रात कधी पोचलीच नाही. “हॉटेलात कसं परकं परकं वाटतं,” म्हणायचे आणि बाकरवडीचा एक पुडा वहिनीच्या हातात ठेवून आठ दिवसांसाठी सुटकेस उघडायचे. पलंगाखालून गाद्या निघायच्या. बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेरच्या खोलीत, पोरं बाल्कनीत. दादा स्वयंपाकघरात, ओट्याखाली पाय घालून. त्या माणसाला आखडून झोपायची सवय लागली ती तिथे. वहिनी कुठे झोपायची ते मला अजून माहीत नाही. मी तिला उभीच पाहिली.

माझंही फार वेगळं नाही. मानेसरला एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा सांगलीच्या कुणाच्या तरी ओळखीने मी त्या क्वार्टरमध्ये आठ दिवसांसाठी येऊन पडलो. खोली मिळेपर्यंत, असं ठरलं होतं. सात महिने मला खोली मिळाली नाही. खरं सांगायचं तर मी फार काही शोधत नव्हतो. सुनीता तेव्हा भावाकडे राहून एम.ए. करत होती. पाहुणा म्हणून आत गेलो तो जावई होऊनच बाहेर पडलो. दादा पुढे सगळ्यांना सांगायचा, “या घरातून जाताना काही ना काही घेऊन जातातच लोक. कुणी रजई नेली, कुणी लोणचं नेलं. ह्यांनी आमची बहीण नेली.”

पाहुण्यांना दिल्ली दाखवणं हा दादाचा एकमेव छंद. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, ठरलेली वाट, ठरलेली बस. आणि बस सुटली की कुणीतरी हमखास विचारायचं, “काय हो दादा, हिला दिलवालों की दिल्ली का म्हणतात?” इथे दादाला अवसान चढायचं. तो प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचा, आणि माणूस बघून द्यायचा. काकूंचे यजमान, म्हणजे काका, बँकेत होते, हिशेबी होते. त्यांना त्याने सांगितलं की स्टेशनवरचे टांगेवाले ओरडायचे, आओ जी, दिलवालों की दिल्ली में आओ, आणि दिलदारीच्या नावाखाली दुप्पट भाडं लावायचे, तिथून ते नाव पडलं. काका खूश. काकूंना गोडाचं प्रेम. त्यांना चांदनी चौकातल्या एका हलवायाची गोष्ट, जो दुसऱ्या जिलबीचे पैसे घ्यायचाच नाही. कॉलेजातल्या विनायकला एक दरबारातून हाकललेला शायर, जो रोज वेगळ्या घरी झोपायचा आणि उपकार फेडायला दुसरं काही जवळ नव्हतं म्हणून शहराला नाव देऊन गेला. तिन्ही गोष्टी दादाने बसमध्ये बसल्या बसल्या रचलेल्या. वहिनी खिडकीतून बाहेर बघत हसू दाबायची.

“अहो दादा, पण खरं काय?” मी एकदा विचारलं.

“खरं मलाही शोधायचंय हो,” तो म्हणाला, आणि या वेळी चेष्टा नव्हती. त्याने खरोखरच विचारपूस केली होती. पानवाल्याला विचारलं, न्हाव्याला विचारलं, लायब्ररीत जाऊन बसला. दिल आणि दिल्ली कानाला जुळतं म्हणून कुणीतरी जोडून दिलं असेल, यापलीकडे कुणी काही सांगेना. “बस, कहते हैं जी,” हेच उत्तर. त्याच्या सेक्शनमध्ये एक जुन्या दिल्लीचे गृहस्थ होते, सात पिढ्या तिथल्याच. ते म्हणाले, “अनंत बाबू, एक बात बताऊँ? दिल्लीवाला अपने मुँह से ये कभी नहीं कहता।” दादाला हे फार आवडलं होतं. पण मग म्हणतं कोण, ते मात्र त्याला सापडेना. “सापडेल,” म्हणायचा. “रिटायर झालो की सापडेल.”

रिटायर झाल्यावर करायच्या गोष्टींत आणखी एक होती, आणि ती वहिनीची होती. काकांचं मोठं ऑपरेशन दिल्लीला झालं तेव्हा काकू आणि विनायक दोन महिने क्वार्टरमध्ये होते. वहिनी सकाळी हॉस्पिटलचा डबा करायची, ऑफिसला जायची, संध्याकाळी पुन्हा डबा. त्या दिवसांत एकदा कणीक मळता मळता ती दादाला म्हणाली, “तुम्ही रिटायर झालात ना, की आपण पाहुणे म्हणून जायचं. सगळ्यांकडे. आठ दिवस इथे, आठ दिवस तिथे. सकाळी उशिरा उठायचं आणि आतून ओरडून विचारायचं, चहा झाला का हो?” तिने “चहा झाला का हो” असं काही काकूंच्या आवाजात म्हटलं की दादा पोट धरून हसला. पण मनात ठेवलं त्याने ते. पुढे प्रत्येक वेळी पाहुण्यांना गाडीत बसवून आला की म्हणायचा, “हिच्या पाहुणचाराची सोय करून आलो. आणखी एक घर झालं.” एवढंच हवं होतं त्याला. एकदा, आयुष्यात एकदा, दुसऱ्याच्या घरी गादीवर पसरून झोपायचं आणि सकाळी चहा मागायचा.

रिटायर झाल्यावर वहिनीचं दुखणं सुरू झालं. मग ती गेली. दादा दीड-दोन वर्षं कुठेच गेला नाही. मग दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात अचानक म्हणाला, “पुण्याला जातो. तिच्या वाटचंही राहून येतो.” सुनीताने त्याला नवे पायजमे शिवून घ्यायला लावले. त्याने गजक आणि रेवडी या तिळाच्या मिठायांचे इतके डबे घेतले की बॅगेत कपड्यांना जागा उरेना. महिनाभर आधी सगळ्यांना फोन झाले होते. सगळे म्हणाले होते, “ये, ये. अरे ये ना, जेवायलाच ये.” दादा फोन ठेवून आनंदाने आम्हाला सांगत होता. तो ‘जेवायलाच’ कुणाच्याच लक्षात आला नाही.

तो पुण्याला गेल्याच्या तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मला त्याच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी विचारायचं होतं. त्याचा फोन लागेना म्हणून मी काकूंना लावला.

“मघाशीच गेला की तो जेवून,” काकू म्हणाल्या. “पुरणपोळी केली होती. चार खाल्ल्यान. विनायककडे उतरलाय ना तो?”

विनायक वेगळा राहतो. त्याला फोन केला. “नाही, आमच्याकडे उद्या येतोय जेवायला. आमच्याकडे सध्या घराला रंग लावायचं काढलंय ना. आईकडे नाहीये? मग त्याच्या मामेभावाकडे असेल.”

मामेभावाकडे नातवाची परीक्षा होती. त्यामुळे तिथे काल दुपारी येऊन गेला होता, आता काकूंकडे असेल… मी तीन घरं फिरलो, मानेसरच्या ऑफिसात बसून. प्रत्येक घरी दादा दुसऱ्याच्या घरी होता. तासाभराने त्याचाच फोन आला.

“दादा, तुम्ही आहात कुठे?”

“लॉजवर,” दादा म्हणाला. “स्टेशनजवळ. चांगलं आहे हो. गरम पाणी येतं. सकाळी पोऱ्या चहा आणून देतो, मागावासुद्धा लागत नाही.”

मी म्हणालो, “परत या.”

“येणार आहेच रविवारी. तिकीट आहे तेव्हाचं. जेवणाची चंगळ आहे हो इथे. पुण्यात जेवायला सगळे बोलावतात. उतरलास कुठे, एवढंच कुणी विचारत नाही. विचारलं तर राहा म्हणावं लागेल ना…” “श्रीकांतराव, ते सापडलं बरं का.”

“काय सापडलं?”

“दिल्लीला दिलवाल्यांची कुणी म्हटलं, ते. दिल्लीवाल्यांनी नाही म्हटलेलं. बरोबर सांगत होते ते आमचे गृहस्थ. दिल्लीला येऊन, राहून, जेवून, परत गेलेल्यांनी म्हटलंय. आपल्या गावी जाऊन सांगायला. म्हणजे कसं, ती तशीच आहे म्हटलं की प्रश्न मिटला. आपण तसं असायला नको.”

तो हसला नाही. मीही नाही.

“सुनीला सांगू नका,” एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. मी नाही सांगितलं.

रविवारनंतर दादा परत आला आणि आमच्याकडे जेवायला बसला. सुनीताला रंगवून सांगत होता की कसा आग्रह झाला, काकू तर निघूच देत नव्हत्या, विनायकच्या बायकोने पाठीला लोड दिला. मी ताटात बघत होतो. सुनीता त्याचे पायजमे धुवायला टाकताना खिसे रिकामे करून आली होती, आता वाढत होती. तिने एकच विचारलं, “झोप लागली ना रे नीट?”

“लागली की,” दादा म्हणाला.

त्यानंतर पाहुणे यायचे थांबले नाहीत. दादाचं स्टेशनवर जाणंही थांबलं नाही. गुडघे दुखायचे तरी डब्याच्या दारात उभा. फक्त कुतुबमिनारच्या वाटेवर कुणी विचारलं, काय हो दादा, हिला दिलवालों की दिल्ली का म्हणतात, तर म्हणायचा, “कोण जाणे बुवा.” विचारणाऱ्याला वाटायचं, म्हातारा थकला.

तर दहाव्याला आलेली सहा माणसं दादाच्याच फ्लॅटमध्ये उतरली. आमचं घर लहान, त्याचं आता रिकामं. त्याच्याच गाद्या निघाल्या. मेल्यानंतर दहाव्या दिवशीही दादाकडे पाहुणे होते, आणि मी ओट्याशी चहा करत होतो, त्यामुळे सगळं अगदी पूर्वीसारखं वाटत होतं, फक्त चहा वाईट होता. दहावा झाला. तेराव्यापर्यंत मधे दोन दिवस. विनायक म्हणाला, “आता आलोच आहोत तर आग्रा करून यावं का एका दिवसात? मुलांनी पाहिलेलं नाही. दादालाही आवडलं असतं.” दादाला काय आवडलं असतं ते दादालाच माहीत. त्यांना टॅक्सी ठरवून दिली मीच. संध्याकाळी ते पेठ्याचे डबे घेऊन आले आणि काकूंनी त्यातला एक दादाच्या फोटोपुढे ठेवला.

तेराव्याला जेवणं झाल्यावर सगळे बसले आणि आठवणी निघाल्या. विनायकने चांगलं भाषण केलं. दादा म्हणजे दिलवाला माणूस, दिल्लीला ते नाव अशाच माणसांमुळे पडलं, वगैरे. मग त्याने शायराची गोष्ट सांगितली. काकू लगेच म्हणाल्या, “शायर कुठला? हलवाई होता तो. मला स्वतः दादाने सांगितलंय.” मामेभाऊ म्हणाला, “काका तर कायम टांगेवाल्याचं सांगायचे.” मग बराच वेळ वाद झाला. एकाने फोनवर शोधूनही पाहिलं. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. “तुम्ही तर इतकी वर्षं त्याच्याबरोबर होता, जावईबापू. खरं काय ते तुम्ही सांगा.”

खरं मला एकट्यालाच ठाऊक होतं. ओठांवर आलं होतं. फोटोतला दादा समोर, पेठ्यामागे. मी उठून उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, “टॅक्सी खाली आली असेल.” माझ्याकडून यापेक्षा जास्त शौर्याची अपेक्षा माझ्या ओळखीचं कुणी करत नाही.

या वेळी मी बरोबर स्टेशनवर गेलो. त्यांना डब्यात बसवलं, सामान वर टाकलं, काकूंच्या पाया पडलो. “आता तुम्हीही या हो पुण्याला,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “जेवायलाच या.”

परत दादाच्या फ्लॅटवर आलो तर सुनीता एकटीच गाद्या गुंडाळत होती. मीही एक टोक धरलं. तेवढ्यात फोन वाजला. काकूच. गाडी अजून फरिदाबादच्या पुढेमागे असेल. मी स्पीकरवर घेतला. मे महिन्यात त्या चारधामला निघाल्यात, यात्रेची बस दिल्लीहून सुटते, तर दोन दिवस आधी येऊन राहतील. “दादाच्या फ्लॅटची किल्ली तुमच्याकडेच असते ना? मग तुम्हाला काही त्रासच नाही.”

मी “बघतो, कळवतो” म्हणून फोन ठेवला आणि मग मला आला तो राग. उशिराच येतो मला, समोरचं माणूस फरिदाबादला पोचल्यावर. म्हटलं, “स्पष्ट नाही म्हणून सांगतो त्यांना. किल्ली सोसायटीकडे दिली म्हणतो. रंग काढलाय म्हणतो. काय वाटेल ते म्हणतो.”

सुनीताने गादीला दोरी बांधली, गाठ मारली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “नाही म्हणू नका. येऊ दे तिला. इथेच उतरू दे. आत्ता सगळे रडत होते म्हणून गप्प बसले मी. पहिल्या दिवशी पान वाढलं की विचारणार आहे तिला, दादा पुण्यात रात्री कुठे झोपत होता ते.”